लांडगे किती, एल्क किती, आणि हा आकडा नेमका ठरवतं कोण? (काथ्याकूट)

आडवाटेचा
नमस्कार मंडळी.

आयडाहोतल्या बॉइसीत राहतो. चिप कारखान्यामुळे इथे बरीच मराठी टाळकी आहेत, पण सप्टेंबर उजाडला की ऑफिसात एकच विषय उरतो: एल्क. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, सांबराहून थोराड हरीण, पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो. राज्यात असे सुमारे १ लाख २० हजार एल्क आहेत. आणि त्यांच्यावर जगणारे लांडगे, जे २०१९ ते २०२१ च्या मोजण्यांत दीड हजाराच्या आसपास निघाले.

इथल्या वन्यजीव खात्याचं पालुपद ठरलेलं: आमचं व्यवस्थापन विज्ञानाधारित आहे. छान. मग २०२१ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. लांडग्यांच्या टॅगवरची (म्हणजे एका शिकाऱ्याला मिळणाऱ्या शिकार-परवान्यांवरची) मर्यादा उठली, खासगी जमिनीवर बारा महिने सापळे लावायला मोकळीक मिळाली, लांडगे मारायला खासगी ठेकेदार नेमायची सोय झाली. गंमत पुढे आहे. खात्याचं धोरण ठरवणाऱ्या आयोगानेच या विधेयकाला विरोध नोंदवला होता. तरी ते मंजूर झालं.

परवा जेवताना एका सहकाऱ्याला विचारलं, की मग यात विज्ञान कुठे आलं? तो म्हणाला, "लांडग्यांनी एल्क संपवले, हेच विज्ञान." दुसरी म्हणाली, "लांडगे आले म्हणून नद्या सुधारल्या, हे विज्ञान." दोघंही शिकलेले, दोघांचाही आवाज चढलेला.

मला बाजू घ्यायची नाही. जाणून घ्यायचंय ते एवढंच: ‘योग्य’ आकडा विज्ञान सांगतं का? नसेल तर कोण सांगतं?

टवाळ टोळ
रुमाल टाकून ठेवतो. लांडगा आला रे आला!

कलम_काढा
टोळ, बसा गप्प. आधी थोडी कायद्याची वंशावळ सांगतो, नाहीतर पुढची भांडणं हवेत होतील.

अमेरिकेत रानातला प्राणी सांभाळायची जबाबदारी मुळात राज्याची. एखादी जात नामशेष व्हायच्या वाटेवर गेली की केंद्र मध्ये पडतं, १९७३ च्या कायद्याने. लांडगा १९७४ मध्ये त्या कायद्याच्या संरक्षित यादीत आला. यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे तर १९२६ मध्येच संपले होते, आणि तेही उद्यानाच्याच रक्षकांच्या हातून. तेव्हा ‘चांगले’ प्राणी वाचवायचे तर ‘वाईट’ मारायचे, हेच शास्त्र होतं.

१९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून पकडून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये आणि ३५ मध्य आयडाहोत सोडले. यादीतून बाहेर पडायची अट अशी: मोंटाना, आयडाहो, वायोमिंग मिळून किमान ३०० लांडगे आणि ३० प्रजननक्षम जोड्या, सलग तीन वर्षं. ही अट २००२ च्या सुमारास पुरी झाली. पुढे मात्र न्यायालयीन टोलवाटोलवी. २००८ ला यादीतून काढले, कोर्टाने परत घातले. २००९ ला काढले, २०१० ला परत. शेवटी एप्रिल २०११ मध्ये आयडाहोचे रिपब्लिकन सिम्प्सन आणि मोंटानाचे डेमोक्रॅट टेस्टर यांनी सरकारी खर्चाच्या विधेयकाला एक कलम चिकटवलं: लांडगा यादीबाहेर, आणि यावर कोर्टात दाद मागता येणार नाही. वायोमिंगची फुगडी वेगळीच. २०१२ ला बाहेर, २०१४ ला आत, २०१७ ला पुन्हा बाहेर.

आडवाटेचा, तुमच्या आयडाहोत लांडग्यांचा ताबा राज्याकडे आला तो कुठल्या शोधनिबंधाने नाही, बजेटने.

रोहिणी७८
खूप छान धागा. मी ठाण्याची, पण यलोस्टोनच्या लामार दरीत पहाटे दुर्बिणी लावून बसणाऱ्यांत मीही होते. तो कळप बर्फावरून एका रेषेत जाताना पाहिला की आयुष्याची ऊर्जा मिळते!

लांडगे परतल्यावर एल्क बिचकून राहू लागले, नदीकाठचं कोवळं ओरबाडणं कमी झालं, विलो आणि ॲस्पेनची झाडं वाढली, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर आले, पक्षी आले. ही साखळी शास्त्रज्ञांनीच मांडली आहे ना? मग त्याच लांडग्याला उद्यानाची हद्द ओलांडली म्हणून गोळी घालायची? ०६ नावाने जगभर ओळखली जाणारी ती मादी २०१२ च्या डिसेंबरात वायोमिंगमध्ये अशीच गेली. गळ्यात संशोधनाची कॉलर होती हो तिच्या. आणि सगळं कायदेशीर!

शिवाय लांडगे मारले की कळप विस्कटतो आणि गुरांवरचे हल्ले उलट वाढतात, असंही वाचलंय.

मध्यक
रोहिणीताई, ती साखळी सुंदर आहे, म्हणूनच जरा सावध राहावं.

ओरेगन स्टेटच्या रिपल आणि बेश्टा यांनी हे चित्र मांडलं, हे खरं. पण कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या मंडळींनी यलोस्टोनच्या उत्तर भागात वीसेक वर्षं प्रयोग चालवला. काही तुकड्यांना कुंपण घालून एल्क बाहेर ठेवले, काही ओढ्यांवर कृत्रिम बंधारे घालून पाणी वर आणलं. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नुसते शिकारी प्राणी परतल्याने विलो सावरला नाही. लांडगे नसलेल्या सत्तर वर्षांत बीव्हर गेले, ओढे खोल कापले गेले, पाण्याची पातळी उतरली. काही ठिकाणी झाडं वाढली आहेत, नाही असं नाही. पण लांडगा सोडला आणि नदी दुरुस्त झाली, इतकं ते सरळ नाही.

आता आडवाटेचाच्या पहिल्या सहकाऱ्याकडे वळू. उत्तर यलोस्टोनच्या कळपात १९९४ च्या सुमारास १९ हजार एल्क होते. २०१३ मध्ये चार हजारांच्याही खाली. आलेख काढून खाली लांडग्यांचा आलेख लावला की खटला संपला, असं वाटतं. पण त्याच काळात उद्यानाबाहेर गार्डिनरला हिवाळी शिकारीत माद्या मोठ्या संख्येने मारल्या जात होत्या, आणि कळप वाढतो तो माद्यांवर. दुष्काळाची वर्षं होती. प्यूमा वाढले होते, ग्रिझली अस्वलं वाढली होती. २००३ ते २००५ मध्ये नवजात पाडसांना कॉलर लावून पाहिलं, तेव्हा मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अस्वलांनी मारलेली निघाली. लांडग्यांचा वाटा त्याच्या कितीतरी खाली.

ताई, हल्ले वाढतात हा निष्कर्ष २०१४ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांचा. पुढे दुसऱ्यांनी तीच आकडेवारी वेगळ्या गणिताने तपासली आणि उलटं उत्तर आलं. आकडे तेच, निष्कर्ष दोन. जेवणाच्या टेबलावर ‘हेच विज्ञान’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

टवाळ टोळ
म्हणजे अस्वलाने खाल्लं आणि बिल लांडग्याला. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये हेच चालायचं.

बोझमनकर
इथे मी एकटाच शिकारी दिसतोय, तेव्हा अंगावर घेतो.

मूळचा कोल्हापूरचा, मोंटानात स्थायिक. रीतसर शिक्षण घेतलं, परवाना काढला, आणि आमच्या घरात वर्षभर जे मटण शिजतं त्यातलं बरंचसं एल्कचं असतं. तांबडा रस्सा उत्तम होतो. चरबी कमी, त्यामुळे तेल जरा सढळ लागतं. असो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यांतले एल्क बेछूट शिकारीने संपत आले होते. ते परत आले कुणाच्या पैशावर? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसवला (पिस्तुलांवर १०). तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. वर परवान्यांची फी. जीवशास्त्रज्ञांचा पगार, हेलिकॉप्टरमधून मोजणी, कुरणं विकत घेणं, सगळं बरंचसं आमच्या खिशातून. दुर्बिणीवर असा कर नाही. रोहिणीताई, राग नको.

आता आयडाहोतल्या लोलो भागाचं बघा. १९८९ मध्ये तिथे १६ हजार एल्क होते, २०१० पर्यंत दोन हजारांच्या आसपास आले. तिथला आउटफिटर, म्हणजे शिकाऱ्यांच्या सहली चालवणारा, ज्याचा तीन पिढ्यांचा धंदा बुडाला, त्याला विलोची पानं दाखवून काय सांगणार?

मध्यक
लोलोचं उदाहरण बरं काढलंत, पण अर्धंच सांगितलंत. १९१० च्या महाभयंकर वणव्यांनी तिथलं जंगल साफ झालं, मागून झुडपं माजली, आणि एल्कची चंगळ झाली. पुढे आगी विझवत गेलो, झुडपांवर पुन्हा दाट जंगल चढलं, चारा आटला. घसरण लांडगे तिथे रुजायच्या आधीच सुरू झाली होती. त्यात १९९६-९७ चा भयानक हिवाळा. लांडग्यांनी उरलेल्यांना डोकं वर काढू दिलं नाही, हे मान्य. पण १६ हजार हा ‘मूळ’ आकडा नव्हताच. वणव्याने दिलेली ती सुगी होती.

बोझमनकर
डोकं वर काढू दिलं नाही, हे तुम्हीच लिहिलंत. मग खात्याने तिथे लांडगे कमी केले तर ते अवैज्ञानिक कसं?

मध्यक
अवैज्ञानिक म्हटलं नाही. लोलोत लांडगे कमी केले तर एल्कच्या पाडसांचं काय होईल, हा विज्ञानाचा प्रश्न. कमी करावेत का, हा नाही.

वऱ्हाडी ठसका
आडवाटेचा भाऊ, धागा झकास हाय. पन मले एक सांगा बाप्पा, तिकडं हरिन जास्त झालं तं लोक सरकारले पैसे देऊन मारतात अन् खातात बी? आमच्याकडं रोह्याचा (नीलगाईचा) कळप शिरला का हरबऱ्याचं वावर सपाट, अन् रानडुकरं तं तूर अशी आडवी करतात का इचारू नका. आमी रातभर मचानावर टिनाचे डबे बडवतो. मारायची परवानगी काढाले गेलं तं कागदंच इतके, का तवरोक हंगाम सरून जाते.

वाघ इकडं हाय, पन तो काय आमच्या वावरापुरता डुकरं खाऊन थोडीच जाईन. मोजनीवाले वाघ मोजाले येतात. माह्या वावरातली तूर मोजाले कोन येते?

टवाळ टोळ
ठसकाभाऊ +१. शेवटच्या वाक्याला टाळ्या.

माळरान
ठसका यांच्याशी सहमत, आणि थोडं अवांतर.

सोलापूर, इंदापूर, बारामतीच्या माळांवर लांडग्यांमागे बरीच वर्षं फिरतोय. आपला लांडगा वीसेक किलोचा, रॉकीजमधला त्याच्या दुप्पट. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने तो पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत. पण एल्क सोडा, चिंकारा-काळवीटही बऱ्याच ठिकाणी उरलं नाही, त्यामुळे त्याचं पोट बरंचसं धनगराच्या शेळ्यामेंढ्यांवर. तरी इथल्या वाड्यांवर ‘सगळे मारून टाका’ असं क्वचितच ऐकू येतं. कोकरू गेलं की शिव्या घालतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माळावर मेंढ्या नेतात.

फरक सांगायचा तर हा. आयडाहोत लांडग्यांचा आकडा ठरवून त्यावर भांडतात. आपल्याकडे अमुक तालुक्यात लांडगे किती असावेत, असा आकडा कुणी कागदावर मांडतच नाही. कागदावर पूर्ण संरक्षण, आणि तो राहतो ती जमीन दप्तरात पडीक. मग तिथे एमआयडीसी, सोलर, प्लॉटिंग. भटक्या कुत्र्यांशी संकर आणि त्यांच्याकडून येणारे रोग, हे आणखी वेगळं. गोळी न झाडता लांडगा संपवायची ही पद्धत आपली खास.

बोझमनकर, तुमच्या त्या ११ टक्क्यांचा मला हेवा वाटतो, शिकार पटत नसली तरी.

रोहिणी७८
मध्यक, तुम्ही दोन्हीकडून झोडता, म्हणून विचारते. लांडगे मोजतात तरी नीट का? की तेही अंदाजपंचे?

मध्यक
अंदाजच, पण पंचे नव्हे. पूर्वी कॉलर लावलेल्या कळपांवरून मोजायचे. संख्या वाढल्यावर ते परवडेना. आयडाहोने जंगलभर कॅमेरे लावले आणि किती छायाचित्रांत लांडगा आला त्यावरून अंदाज काढला. त्याच पद्धतीने २०२२ मध्ये १३३७ आणि २०२३ मध्ये ११५० च्या आसपास आले. मोंटानाने शिकाऱ्यांना लांडगे कुठे दिसले ते विचारून, त्यात कळपाचं क्षेत्र आणि कळपाचा आकार मिसळून प्रतिमान बनवलं. त्यातून येणारा आकडा ११०० च्या आगेमागे. मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या स्कॉट क्रील यांचा त्यावर आक्षेप आहे, की ही पद्धत संख्या फुगवते, आणि खरी घट झाली तरी आकडा हलत नाही. खात्याचे लोक ते मानत नाहीत.

प्रतिमान चुकणं ही काही बदनामीची गोष्ट नाही. मला खटकतं ते दुसरंच. २०१८ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ६६७ शिकार व्यवस्थापन योजना तपासल्या. उद्दिष्ट मोजता येईल असं लिहिलंय का, पुरावा दिलाय का, पद्धत उघड आहे का, बाहेरच्या कुणी तपासलंय का, अशा कसोट्या लावल्या. ६० टक्के योजनांत निम्म्याहूनही कमी कसोट्या पुऱ्या झाल्या. ‘विज्ञानाधारित’ हा शिक्का मात्र सगळीकडे.

बोझमनकर
त्या कसोट्या विद्यापीठात बसून बनवलेल्या. मैदानातला जीवशास्त्रज्ञ तीस वर्षं त्याच डोंगरात काढतो, त्याचं ज्ञान निबंधात येत नाही म्हणून ते विज्ञान नाही?

मध्यक
त्याचं ज्ञान ऐकलं असतं तर २०२१ चे कायदे झालेच नसते. तुमच्याच मोंटानात त्या वर्षी एका माणसाला वीसपर्यंत लांडगे, फासे, खासगी जमिनीवर आमिष आणि रात्रीची शिकार, हे सगळं आलं. कुठल्या जीवशास्त्रज्ञाने मागितलं होतं?

बोझमनकर
ते मलाही रुचलं नाही. फास तर अजिबात नाही, त्यात काहीही अडकतं. आमच्यातल्या जुन्या शिकाऱ्यांनाही तो प्रकार पसंत नव्हता. पण हेही लक्षात घ्या, की वर्षानुवर्षं कोर्टबाजी करून ज्यांनी राज्यांच्या हातात काही येऊच दिलं नाही, त्यांच्यावरचा दाबून ठेवलेला राग तिथे निघाला.

हिमगौरी
फोर्ट कॉलिन्सहून. आमच्याकडे तर आणखी वेगळी तऱ्हा. कोलोराडोत लांडगे आणायचे की नाही, हे नोव्हेंबर २०२० मध्ये थेट मतदानाने ठरलं. प्रस्ताव ११४. बाजूने ५०.९ टक्के! डेन्व्हर, बोल्डरकडच्या शहरी मतांवर तो निघाला, आणि लांडगे सोडायचे होते ते पलीकडच्या पश्चिम उतारावर, जिथे बहुतेक जिल्ह्यांनी नको म्हटलं होतं. मी नागरिक झाल्यावरचं माझं पहिलंच मतदान, आणि मी हो म्हटलं.

डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनमधून आणलेले दहा लांडगे सोडले. शेजारची लांडगेवाली राज्यं द्यायला तयार नव्हती. त्यातल्या एका जोडीला पिल्लं झाली, त्या कॉपर क्रीक कळपाने गुरं मारली, मग तो कळप पकडून दुसरीकडे नेला. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून आणखी पंधरा आले. नुकसानभरपाई एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत.

पुढे एका रँचवर जायचा योग आला. तिथल्या बाईंना मी हो म्हटल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण रात्री माझ्या वासरांपाशी कोण उभं राहणार ते मतपत्रिकेवर लिहिलेलं नव्हतं. भांडल्या नाहीत, चहासुद्धा दिला. मी आजही हो म्हणेन, पण तो प्रश्न काही पाठ सोडत नाही.

आणखी एक. आमच्याच गावात १९६७ मध्ये बंदिस्त हरणांत पहिल्यांदा सीडब्ल्यूडी हा रोग दिसला. मेंदूची चाळण करणारा, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, लस नाही, औषध नाही. आता तो एल्कमध्येही आहे. लांडगे आजारी जनावरं आधी टिपतात, त्यामुळे रोग आवरेल असा एक तर्क आहे. तो कितपत टिकतो यावर अभ्यास चालू आहेत. पण वायोमिंग काय करतं पाहा. जॅक्सनजवळ १९१२ पासूनचं राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान, शिवाय राज्याची वीसहून जास्त चारा केंद्रं. हिवाळ्यात हजारो एल्क एका जागी आणून खाऊ घालायचे, म्हणजे ते रँचवाल्यांच्या गवताच्या गंजींकडे जात नाहीत. रोग पसरवायला याहून सोयीची जागा कुठली? हेही ‘व्यवस्थापन’च.

टवाळ टोळ
थोडक्यात: एल्कला सरकारी अन्नछत्र, लांडग्याला सुपारी, आणि गाईला १५ हजार डॉलर. पुढच्या जन्मी कोलोराडोत गाय व्हायचं.

वऱ्हाडी ठसका
टोळभाऊ, गाय मेल्यावर पैसे भेटतात. गाईले नाही, मालकाले.

पेन्शनर काका
वाखुसा. सगळं वाचलं. तरुण मंडळींनी माहितीपूर्ण लिहिलं आहे. पण आडवाटेचा यांनी विचारलेला प्रश्न होता की योग्य आकडा कोण ठरवतं. चाळीस प्रतिसाद झाले असतील, उत्तर दिसलं नाही.

टवाळ टोळ
काका, चाळीस कुठले! तुमचंही प्रतिमान संख्या फुगवतंय.

आडवाटेचा
काका, धन्यवाद, गाडी रुळावर आणलीत.

मधल्या दिवसांत मी आयडाहोचा २०२३ ते २०२८ चा लांडगा आराखडा वाचायला घेतला. त्यात उद्दिष्ट दिलंय: संख्या ५०० च्या आसपास राहावी. म्हणजे आत्ता आहे त्याच्या निम्म्याहून कमी. मला वाटलं, ५०० मागे काही गणित असेल. इतके एल्क, इतकं जंगल, म्हणून इतके लांडगे. तसं दिसलं नाही. बोट दाखवलंय ते २००९ च्या केंद्रीय निर्णयाकडे, ज्यात लांडगे यादीबाहेर काढताना राज्यात साधारण इतके राहतील असं गृहीत धरलं होतं.

कलम_काढा, मी बरोबर वाचलंय का?

कलम_काढा
बरोबर वाचलंय. आणि त्या खालची पायरीही पाहा. प्रत्येक राज्यात १०० लांडगे, १० जोड्या. त्यावर खबरदारी म्हणून १५० आणि १५. मूळ १९८७ च्या आराखड्यात तीन भागांत दहा-दहा जोड्या. तो एक तळ होता: याच्या खाली गेलात तर केंद्र परत येईल. हळूहळू राजकारण्यांनी त्या तळालाच लक्ष्य समजायला सुरुवात केली. २०२१ चा मोंटानाचा कायदाही तेच म्हणतो: कमी करा, पण १५ जोड्यांना लागतील इतके ठेवा.

२०२४ मध्ये केंद्रीय खात्याने सांगितलं की पुन्हा यादीत घ्यायची गरज नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मोंटानातल्या फेडरल न्यायाधीशांनी ते रद्द करून फेरविचार करायला लावलं. फुगडी चालूच.

बोझमनकर
आता एल्कचंही खरं सांगतो, म्हणजे फक्त लांडग्यांच्या आकड्यावर खापर नको. मोंटानात प्रत्येक शिकार विभागाला एल्कचं उद्दिष्ट असतं, आणि २००३ च्या कायद्याने खात्याला त्या उद्दिष्टाच्या आत राहणं भाग आहे. २००५ च्या आराखड्यातले ते आकडे काढले कसे? गवत किती यावर कमी, जमीनमालक किती एल्क सहन करतील यावर जास्त. आज राज्यात कितीतरी विभागांत एल्क उद्दिष्टाच्या वर आहेत. होय, लांडगे असूनही वर. शिकारी ओरडतात एल्क नाहीत, रँचवाले ओरडतात एल्क फार झाले. दोघं खरं बोलतात, कारण ऑक्टोबरात बंदुका वाजल्या की एल्क मोठ्या खासगी रँचवर जाऊन बसतात, जिथे आमच्यासारख्यांना प्रवेश नाही.

मध्यक
बोझमनकर, टाळ्या. माझ्या मते पूर्ण धाग्यातला हा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद.

काका, हे घ्या उत्तर. लांडग्यांचा खालचा आकडा कोर्टाच्या भीतीने ठरतो, एल्कचा वरचा आकडा रँचवाल्याच्या संयमाने. दोन्ही आकडे माणसांच्या सोसण्याचे. त्या दोन आकड्यांच्या मध्ये विज्ञान काम करतं, आणि तिथे ते चोख काम करतं: किती मारले तर किती उरतील, कुठली पाडसं कशाने मरतात. यात वाईट काही नाही. कोण किती सोसणार हे लोकांनीच ठरवायचं असतं. वाईट हे, की ते ठरवून झाल्यावर आकड्यावर ‘विज्ञान’ असं लिहायचं, म्हणजे रोहिणीताईंनी किंवा त्या रँचवरच्या बाईंनी तोंड उघडलं की ‘तुम्हाला विज्ञान कळत नाही’ म्हणता येतं.

रोहिणी७८
तोंड उघडून उपयोग होतो का, पण? २०२१-२२ च्या हिवाळ्यात यलोस्टोनचे पंचवीस लांडगे हद्दीबाहेर मारले गेले, उद्यानातल्या सुमारे एक पंचमांश. किती लोक ओरडत होते तेव्हा!

बोझमनकर
झाला ना. उद्यानाला लागून ३१३ आणि ३१६ हे दोन विभाग, तिथला कोटा २०२१ मध्ये उठवला होता. ओरड झाली, उद्यानाच्या अधीक्षकांनी राज्यपालांना पत्रं लिहिली. २०२२ मध्ये आयोगाने दोन्ही विभाग जोडून सहा लांडग्यांची मर्यादा घातली. त्या सुनावण्यांत तुमच्यासारखे दुर्बिणवाले, गार्डिनरचे हॉटेलवाले, गाइड, सगळे बोलले. मी बोललो नाही, पण माझ्या ओळखीचे दोन शिकारी मर्यादा हवी म्हणून बोलले.

माळरान
याला म्हणतात सुनावणी. आमच्याकडे माळावर सोलरची कुंपणं लागली की त्या दिवशी कळतं.

आडवाटेचा
आयडाहोचा आयोगही बैठकांच्या वेळी लोकांचं ऐकतो म्हणे. पुढच्या बैठकीला जायचा विचार आहे. दोन्ही सहकाऱ्यांनाही विचारलं. एक म्हणाला येतो, पण गाडीत लांडग्यांवर बोलायचं नाही. कायम रहिवासी असलेल्याला, म्हणजे नागरिक नसलेल्याला, तिथे बोलता येतं का?

कलम_काढा
सार्वजनिक सुनावणीत नागरिकत्वाचा दाखला सहसा मागत नाहीत. नाव आणि गाव सांगावं लागतं. वेळ थोडा असतो, तेव्हा वंशावळ सांगत बसू नका, ते माझं काम.

वऱ्हाडी ठसका
बोलाले गेले तं आमच्या रोह्याचंबी इचारा भाऊ, कोनी न्याले तयार असन तं. दहा-पंधरा आमी फुकट देऊ.

हिमगौरी
बोझमनकर, तांबड्या रश्श्याची पाककृती वेगळा धागा काढून टाका. इथे विषयांतर नको म्हणून विचारत नव्हते इतका वेळ.